हातातला गिअर, पायातला क्लच

लखनौ शहराच्या उत्तर अंगास, गोमतीच्या पलीकडे, विकास नगर नावाची वसाहत आहे. मराठी रसिकाला लखनौ ठाऊक असते ते बहुधा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे. त्यांच्या प्रयत्नांतून 1926 साली तेथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले. विकास नगरच्या रस्त्यावर सायंकाळी उभे राहणाऱ्याच्या कानी मात्र निराळेच सूर पडतात. बटन दाबताच सुरू होणाऱ्या मोटारसायकली, गिअर नसलेल्या स्कूटरी, आणि बॅटरीवर चालणाऱ्या, जवळजवळ आवाजच न करणाऱ्या ई-रिक्षा. त्यांच्यातूनच एखादी जुनी 'विजय डीलक्स' स्कूटर वाट काढीत गेली, तर तिच्या स्वाराची डावी मूठ चौकाजवळ खाली-वर वळताना दिसते. त्या मुठीत क्लच आहे आणि गिअरही आहे. आजच्या तरुणाला ही हालचाल एखाद्या विसरलेल्या मुद्रेसारखी वाटेल.

यंत्रावर बसलेल्या माणसाला दोन हात आणि दोन पाय असतात. इंजिनाला कमी-जास्त इंधन देणे, गिअर बदलणे, क्लच सोडणे आणि ब्रेक लावणे ही कामे त्या चार अवयवांत वाटून द्यावी लागतात. आज जगभर मोटारसायकलींवर ही वाटणी ठरून गेलेली आहे: क्लच डाव्या हाताने, गिअर डाव्या पायाने, इंधन आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताने, मागचा ब्रेक उजव्या पायाने. ही वाटणी निसर्गानेच केली असावी इतकी ती अंगवळणी पडली आहे. वस्तुतः ती पुष्कळ उशिरा ठरली; आणि ती ठरण्यापूर्वी अर्धे शतक गिअर हातात होता व क्लच पायात. त्या उलट्या वाटणीचा इतिहास अमेरिकेतील कारखान्यांत सुरू होतो, महायुद्धाच्या रणभूमीवरून जातो आणि दिल्लीच्या चांदणी चौकात येऊन पोचतो.

प्रारंभी क्लचही नव्हता आणि गिअरही नव्हता. 1885 साली जर्मनीत गॉटलीब डायमलर याने लाकडी सांगाड्यावर इंजिन चढवून पहिली इंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली. 1894 च्या सुमारास म्युनिक येथे हिल्डेब्रान्ड आणि वोल्फम्युलर यांची दुचाकी विक्रीसाठी बाहेर पडली. तिच्या इंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. इंजिन चालले की चाक फिरे आणि चाक थांबले की इंजिन बंद पडे. गाडी सुरू करायची तर ती ढकलीत धावावे आणि इंजिनाने पेट घेताच उडी मारून वर बसावे! वाटेत गाय आडवी आली की इंजिन बंद, आणि मग पुन्हा धावणे. मोकळ्या माळावर हा प्रकार कसाबसा चालेल. गजबजलेल्या पेठेत तो चालणे शक्य नव्हते.

या अडचणीतून क्लचचा जन्म झाला. इंजिन आणि चाक यांची जोडी हवी तेव्हा सोडविणारी आणि पुन्हा हळुवारपणे जुळविणारी युक्ती म्हणजे क्लच. एकमेकींवर दाबून बसविलेल्या चकत्या सैल केल्या की इंजिन आपल्या जागी फिरत राहते आणि गाडी उभी राहते. चकत्या पुन्हा हलकेच एकमेकींना भिडू दिल्या की गाडी धक्का न देता चालू लागते. गिअरचे काम याहून वेगळे आहे. इंजिनाचे बळ ठराविक फेऱ्यांतच चांगले प्रकट होते. चढणीवर चाकाने सावकाश पण जोराने फिरावे आणि सपाटीवर वेगाने फिरावे, म्हणून दातेरी चाकांच्या निरनिराळ्या जोड्या लागतात. मिलवॉकी येथील हार्ले-डेव्हिडसन कंपनीने 1912 साली आपल्या गाडीला क्लच दिला आणि 1915 साली तीन गतींची गिअरपेटी दिली.

हे दोन नवे अवयव माणसाच्या कोणत्या अवयवांच्या स्वाधीन करावेत, याचे आदर्श उदाहरण समोरच होते, ते म्हणजे मोटारगाडी. मोटारीत क्लच पायाखाली असतो आणि गिअरचा दांडा हाताशी असतो. दुचाकी बनविणाऱ्या अमेरिकन कारखानदारांनी बहुतांशी तीच रीत उचलली. पेट्रोलच्या टाकीच्या कडेला खाचा पाडलेली एक पट्टी बसविली, तीतून वर येणारा एक लांब दांडा ठेवला, आणि डाव्या पायाशी क्लचचे पायटे बसविले. मोटारगाडी थांबली की चार चाकांवर आपोआप उभी राहते आणि दुचाकी थांबली की ती सावरण्यासाठी पाय जमिनीवर टेकावा लागतो. हा भेद त्या रचनेत मिटलेला नव्हता, आणि पुढच्या साऱ्या कथेचे मूळ या एका भेदात आहे.

या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे हार्ले-डेव्हिडसनची लष्करी 'डब्ल्यू. एल. ए.'. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने सुमारे 90,000 लष्करी मोटारसायकली बनविल्या आणि त्यांतील बहुतेक याच वळणाच्या होत्या. इंजिन इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरांचे, सुमारे 740 घन सेंटिमीटरांचे, गती तीन. तिच्यावर स्वार होणे ही एक स्वतंत्र विद्याच होती. उजव्या मुठीने इंधन कमी-जास्त करावयाचे. डावी मूठ फिरविली की सिलिंडरातील ठिणगी किंचित आधी किंवा किंचित उशिरा पडे. गाडी सुरू करताना ठिणगी उशिरा पाडावी आणि वेग आला की लवकर, म्हणजे इंजिन मोकळेपणाने धावे. पुढचा ब्रेकही डाव्याच हाताशी. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. डाव्या पायाखाली सी-सॉसारखे डोलणारे क्लचचे पायटे: टाच दाबली की क्लच सुटे आणि चवडा दाबला की लागे. गिअर बदलण्यासाठी डावा हात हॅण्डल सोडून टाकीपाशी जाई, दांडा एका खाचेतून उचलून दुसऱ्या खाचेत बसवी आणि पुन्हा मुठीवर येई. तेवढा वेळ हॅण्डल एका हातावर.

तबलजीचे दोन हात दोन निराळे बोल काढतात आणि ठेका मात्र एकच राहतो. या गाडीच्या स्वाराला चार अवयवांनी असा एक ठेका धरावा लागे. टाच, हात, चवडा, मूठ या क्रमात थोडी चूक झाली की गिअरचे दाते कर्कश ओरडत किंवा गाडी हिसका देऊन बंद पडे. ज्याला क्रम साधला त्याला मात्र तो पुन्हा आठवावा लागत नसे. तो अंगात भिनून जाई.

या रचनेत एक गुणही होता. डोलणारे पायटे जेथे ठेवावे तेथेच राहत असे. घर्षणाच्या एका चकतीमुळे ते आपोआप परत येत नसे. म्हणून स्वार टाच दाबून क्लच सोडवी आणि गिअर तसाच ठेवून दोन्ही पाय जमिनीवर टेकू शके. मिरवणुकीबरोबर पावलापावलाने चालणाऱ्या पोलिसाला किंवा लष्करी ताफ्याला ही गोष्ट सोयीचीच होती. परंतु चढावर गाडी थांबवावी लागली, की पेच पडे. मागे घसरू नये म्हणून उजवा पाय ब्रेकवर हवा, पुन्हा निघण्यासाठी डावा पाय क्लचवर हवा आणि तोल सांभाळण्यासाठी एक पाय जमिनीवर हवा. देवाने तर पाय दोनच दिले! कुशल स्वार अशा वेळी पुढच्या ब्रेकचा आश्रय करून निभावून नेई, नवखा मात्र आडवा होई. पुढे काही हौशी लोकांनी पायटे जागच्या जागी धरून ठेवणारी ती चकती काढून स्प्रिंगने परत येणारा पायक्लच बसविला. पाय उचलला की क्लच लागलाच आणि गाडीने उडी घेतलीच! अमेरिकन लोकांनी या क्लचला 'आत्मघाती क्लच' असे नाव दिले, ते उगीच नव्हे.

इकडे इंग्लंडमध्ये वारे निराळे वाहत होते. तेथील रस्ते अरुंद आणि वळणांचे, इंजिने लहान, त्यामुळे गिअर वारंवार बदलावा लागे. शर्यतीत तर वळणावर एक हात सोडणे म्हणजे सेकंद आणि हाडे दोन्ही धोक्यात घालणे. बर्मिंगहॅम येथील व्हेलोसेट कंपनीत हॅरोल्ड विलिस नावाचा अभियंता होता, आणि तो स्वतः शर्यतीतही उतरत असे. 1928 च्या सुमारास त्याने पायाने गिअर बदलण्याची अशी एक योजना केली, की पायाने एकदा दाब दिला म्हणजे नेमका एकच गिअर पुढे किंवा मागे सरकावा आणि पायटे पुन्हा आपल्या मूळ जागी यावे. यापूर्वीही पायाने गिअर बदलणाऱ्या गाड्या झाल्या होत्या. पण स्वाराने खाली न पाहता, न चुकता, एकेक पायरी चढावी-उतरावी ही सोय विलिसच्या युक्तीने झाली. दोन्ही हात हॅण्डलवर राहिले. क्लच डाव्या हाताच्या बोटांशी आला आणि थांबताना पाय जमिनीसाठी मोकळा झाला. काही वर्षांतच बहुतेक ब्रिटिश कारखान्यांनी ही रीत उचलली.

महायुद्धात या दोन परंपरा शेजारी शेजारी उभ्या ठाकल्या. ब्रिटिश सैन्याच्या नॉर्टन आणि बी.एस.ए. गाड्या पायाने गिअर बदलणाऱ्या, तर अमेरिकन हार्ले आणि इंडियन गाड्या हाताने. हिंदुस्थानच्या भूमीवर दोन्ही येऊन पोचल्या. युद्ध संपले आणि ही सारी अवजड सामग्री परत नेण्यापेक्षा येथेच विकून टाकणे सोपे ठरले. लष्करी डेपोंतून लिलाव झाले. ज्या गाड्यांवर कालपर्यंत संदेशवाहक शिपाई धावत होते, त्या जुन्या बाजारात भंगाराशेजारी येऊन पडल्या.

मग 1947 साल उजाडले. फाळणीच्या रक्तपातातून लक्षावधी निर्वासित दिल्लीत येऊन दाखल झाले. घर गेले, जमीन गेली, दुकान गेले. उरले ते हातपाय आणि जगण्याची जिद्द. त्यांच्यातील काही पंजाबी मंडळींच्या आणि मिस्तरींच्या नजरेस लष्कराच्या या टाकाऊ मोटारसायकली पडल्या. त्यांनी मागचे चाक काढले, तेथे दोन चाकांचा आस बसविला, त्यावर बाकडी आणि छप्पर चढविले. लढाईची दुचाकी प्रवाशांची तीनचाकी झाली. चांदणी चौक आणि कॅनॉट प्लेस यांच्या दरम्यान या गाड्या माणसे वाहू लागल्या. त्यांचा आवाज हेच त्यांचे नाव झाले: फटफटी. मराठी मुलखातही मोटारसायकलीला हाच शब्द लोकांच्या तोंडी बसला, कारण यंत्राचे नाव परके असले तरी त्याचा आवाज कोणालाही परका नसतो.

हाताचा गिअर आणि पायाचा क्लच ही रचना दुचाकीवर गैरसोयीची ठरून जगभर मागे पडत चालली होती. मग दिल्लीत ती पुढे दशकानुदशके कशी टिकली? केवळ दारिद्र्यामुळे, केवळ दुसरे काही परवडत नव्हते म्हणून, असे उत्तर सहज सुचते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. तिसरे चाक लागताच या रचनेचा मूळ दोषच नाहीसा झाला होता. तीनचाकीला तोल सांभाळावा लागत नाही. चालकाचा पाय जमिनीसाठी मोकळा राहण्याची गरज उरली नाही. एक पाय क्लचवर आणि दुसरा ब्रेकवर निर्धास्तपणे राहू शकत होता. मोटारगाडीची जी रीत दुचाकीवर चुकीच्या जागी येऊन पडली होती, ती तीन चाकांवर योग्य जागी आली. खुद्द अमेरिकेत याचा पुरावा सापडतो. हार्ले-डेव्हिडसनने आपल्या दुचाकींवर 1952 पासून पायाने बदलण्याचा गिअर आणला. परंतु गॅरेजवाले आणि पोलीस यांच्यासाठी 1932 पासून बनत असलेली तिची तीनचाकी 'सर्व्हि-कार' 1973 साली बंद होईपर्यंत हाताच्या गिअरवरच चालत राहिली. मिलवॉकीच्या अभियंत्यांनी आणि दिल्लीच्या निर्वासित मिस्तरींनी एकमेकांना न विचारता एकच निष्कर्ष काढला होता. त्या मिस्तरींना अभियांत्रिकीची पदवी नव्हती, एवढाच फरक.

गिअर हातात ठेवण्याची आणखी एक वाट इटलीत निघाली. 1946 साली पियाज्जो कंपनीची 'व्हेस्पा' आली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा मुळात विमानांचा अभियंता. स्वाराचे कपडे आणि बूट चिखल-तेलापासून सुरक्षित राहावेत, स्त्रियांनाही सहज बसता यावे, म्हणून त्याने पायांपुढे मोकळी फळी ठेवली. तेथे गिअरचे पायटे नको होते. म्हणून त्याने गिअर डाव्या मुठीत आणला आणि क्लचचा दांडाही त्याच मुठीला जोडला. दोन्ही कामे एकाच हाताची झाली. हॅण्डलही सोडावे लागेना. 1947 साली मिलानच्या इन्नोचेंती कंपनीची 'लॅम्ब्रेटा' आली आणि लवकरच तीही याच वळणावर गेली.

ही इटालियन रीत भारतात अशी रुजली, की जणू येथलीच. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा बनविल्या. बजाज उद्योगसमूहाने आधी व्हेस्पा आयात केल्या आणि मग पुण्याजवळ आकुर्डीस कारखाना उभारून त्या येथे तयार केल्या. पुढे 'चेतक' हे राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घराघरांत पोचले. भारत सरकारने 1972 साली स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापून इन्नोचेंतीची लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेतली आणि ती लखनौच्या कानपूर रस्त्यावर, सरोजिनी नगरात आणून उभी केली. तेथून 'विजय डीलक्स' स्कूटर निघाली, आणि 'विक्रम' नावाची तीनचाकी निघाली. उत्तर हिंदुस्थानातील कितीतरी गावांच्या वाहतुकीचा भार या विक्रमने वाहिला. लोक तिला 'टेम्पो'च म्हणत. आणि हा शब्द तर पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याशी केलेल्या सहकार्यातून या देशात रूढ झालेला. अशा रीतीने मिलान, हॅम्बुर्ग, पुणे आणि लखनौ एका तीनचाकीच्या नावागावात एकत्र आले.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात मात्र या साऱ्या निरनिराळ्या रीतींवर एकरूपतेची लाट आली. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या मध्यास कायद्यानेच ठरविण्यात आले, की नव्या मोटारसायकलीचा गिअर डाव्या पायाशी असावा. त्यामागचा विचार रास्त होता. संकटाच्या क्षणी माणूस विचार करीत नाही, त्याचे अवयव विचार करतात. आणि एका गाडीवर गिअर जेथे आहे तेथे दुसऱ्या गाडीवर ब्रेक असेल, तर त्या क्षणी प्राण जाऊ शकतो. भारतात मद्रासला 1955 पासून बनू लागलेल्या एन्फील्ड बुलेटचा गिअर जुन्या इंग्रजी रीतीने उजव्या पायाशी होता, आणि तोही एकविसाव्या शतकात डावीकडे गेला.

दिल्लीच्या फटफटीचा शेवट रचनेच्या दोषाने झाला नाही, तो धुराने झाला. काळाच्या ओघात कितीतरी गाड्यांतील मूळ पेट्रोल इंजिने झिजून जाऊन त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसली होती. राजधानीची हवा श्वासाला जड होत चालली होती. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने रस्त्यावरून काढून टाकण्याचे आदेश दिले आणि पन्नासएक वर्षे धावलेल्या फटफट्या थांबल्या. त्या मार्गांवर नव्या चारचाकी गाड्या आल्या. नाव मात्र 'फटफट सेवा' असेच चालू राहिले.

या निर्णयाने कोणाचे हित झाले आणि कोणाचे अहित झाले, याचा हिशेब सरळ नाही. दिल्लीच्या लेकरांना स्वच्छ हवा मिळण्याचा हक्क होता, हे नाकारता येणार नाही. पण ज्या चालकाच्या टाचेत, चवड्यात आणि मनगटात चाळीस वर्षांची विद्या साठली होती, तिचे मोल त्या दिवशी शून्य झाले. जमीन गेली तर तिचा मोबदला मागता येतो, यंत्र गेले तर त्याची भंगाराची किंमत येते. अंगात भिनलेल्या कसबाला मोबदलाही नाही आणि भंगाराचा भावही नाही. हातमाग गेला तेव्हा विणकराचे जे झाले, टांगा गेला तेव्हा टांगेवाल्याचे जे झाले, तेच येथे झाले. समाजाने पुढे जाऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. पुढे जाताना ज्यांची विद्या मागे पडते त्यांची आठवण हिशेबात धरली जावी, एवढाच याचा अर्थ.

लखनौच्या कारखान्याची कथाही याच वळणाने संपली. तेथील स्कूटरींचे उत्पादन 1997 साली बंद झाले, तीनचाकी काही काळ चालू राहिली, आणि 2021 च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने स्कूटर्स इंडिया बंद करण्यास मंजुरी दिली. त्याआधी, 2009 च्या अखेरीस, बजाजनेही स्कूटरींचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला होता. पुढे चेतक हे नाव पुन्हा आले, पण विजेवर चालणाऱ्या, गिअर नसलेल्या स्कूटरीवर.

विकास नगरच्या रस्त्यावरची ई-रिक्षा आता ना क्लच जाणते ना गिअर. विजेच्या मोटारीला उभ्या स्थितीतूनच पुरेसे बळ असते. तिला गतींच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. चार अवयवांची वाटणी करण्याचा जो प्रश्न शंभर वर्षे अभियंत्यांना छळीत होता, तो सुटला नाही. त्याची गरजच संपली. कालपर्यंत दुसऱ्या कामात असलेला माणूस आज ती चालवायला शिकून उद्या पोट भरू लागतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. 1947 च्या निर्वासिताला अशी सोपी गाडी मिळाली असती तर त्याने ती आनंदाने घेतली असती.

तरीही मराठी घरात एखादी आजी नातवाच्या नव्या गाडीकडे पाहून सहज विचारते, ''फटफटी कुठे लावलीस रे?'' त्या गाडीतून फटफट असा आवाज येत नाही. गिअर हातातून गेला, क्लच पायातून गेला आणि आवाजही चालला. ज्यांनी लढाईच्या टाकाऊ लोखंडातून पोटाची वाट काढली, त्यांची खूण त्या एका शब्दात उरली आहे.